सदतीस बेवारशी मासे

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी लिंबोन तळ्यात पाणी दिसत नव्हतं. दिसत होती ती माशांची पोटं. पांढरी, फुगलेली, या काठापासून त्या काठापर्यंत.

सार्जंट युसेबियो दिमायुगाने मोटारसायकल लावली, रुमाल नाकाला धरला आणि टोपी काढली. मयताच्या घरी गेल्यावर काढतो तशी ती आपोआपच निघाली.

"या, सार्जंट!" रुस्तिको मागपंताय लांबूनच ओरडला. तो गावचा निवडून आलेला प्रमुख, म्हणून सगळे त्याला कपितान म्हणत. तळ्यातले निम्मे पिंजरेही त्याचेच. "गुन्हेगार आम्ही धरून ठेवलाय. तुम्ही फक्त कागद रंगवा."

"कोण गुन्हेगार?"

"इस्लाव. दुसरं कोण असणार?"

नारळाच्या बुंध्याला टेकून म्हातारा ताता इस्लाव बसला होता. हात जाळ्याच्या दोरीने बांधलेले, एक कानशील सुजलेलं. शेजारी एक निळा प्लॅस्टिकचा पिंप आडवा पडला होता. गावातल्या चौदा घरांचे तिलापिया माशांचे पिंजरे या तळ्यात होते. इस्लावचा एकही नव्हता. पिंजरे आले तेव्हापासून तो त्यांच्या नावाने बोटं मोडत आला होता, आणि तेही चारचौघांत.

"काय केलं याने?"

"विष घातलं. चार जणांनी पाहिलंय. दोन महिने झाले, रोज पहाटे होडीतून तळ्याच्या मधोमध जातो आणि पिंप ओततो. काल ओतला. आज हे बघा."

दिमायुगा म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला. "ताता, ओतलंत?"

"ओतलं."

"काय ओतलं?"

इस्लाव तळ्याकडे बघत राहिला. "लोक म्हणतात तेच लिहा."

"लोक विष म्हणतात."

"मग विष लिहा."

तीस वर्षांच्या नोकरीत दिमायुगाने झुंजीचे कोंबडे चोरणारे पाहिले होते, गाण्याच्या माइकवरून डोकी फोडणारे पाहिले होते, मेहुण्याला भोसकणारा एक पाहिला होता. प्रत्येकाने आधी हात वर केले होते. आपण होऊन विष लिहा म्हणणारा हा पहिलाच, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"शनिवारी दुपारी शहरातून तुरुंगाची गाडी येतेय," रुस्तिको म्हणाला. "तोवर सभाघराच्या कोठडीत ठेवा. त्याची झोपडीही आम्ही उठवणार आहोत. बायको आजारी आहे म्हणून दोन दिवस थांबलोय. आम्हीही माणसंच आहोत."

गुन्हेगार असा तयार मिळाला की दिमायुगाला शंका यायची. ही त्याची जुनी व्याधी. त्याने टोपी पुन्हा घातली आणि तो काठाने चालत निघाला.

तीन दिवस आभाळ गच्च होतं, वारा पडलेला. पाणी वाटलेल्या पाल्यासारखं दाट हिरवं झालं होतं. मेलेले तिलापिया सगळे एका साच्यातले: पिंजऱ्याच्या जाळीला घासून घासून नाकाडं सोललेली. पण मधूनच एखादा निराळाच मासा पडलेला दिसे. चंदेरी, दोन वीत लांब, डोकं अंगाला न शोभण्याइतकं मोठं, डोळे पार खाली. याचं नाक मात्र धड होतं. कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"हा कुणाचा?"

"असला मासा आम्ही पाळत नाही," रुस्तिकोने खांदे उडवले.

दिमायुगाने मोजले. सदतीस निघाले. चौदाही घरांना विचारलं. एरवी वाहून आलेल्या ओंडक्यावरही हक्क सांगणारी ही माणसं, पण या सदतीस माशांना कोणी आपलं म्हणायला तयार नव्हतं.

तळ्याच्या कोपऱ्यात एका पिंजऱ्यात मात्र पाणी उसळत होतं. आत हितो मासे होते, मिशाळ, काळे, तगडे. एकेक वर येई, तोंड उघडून हवेचा घोट घेई आणि पुन्हा खाली जाई.

"हा पिंजरा कुणाचा, कपितान?"

रुस्तिकोने मान खाजवली. "माझा."

"गावाचं सगळं मेलं. तुमचे हितो तेवढे वाचले?"

"नशीब म्हणायचं."

"विषाला नशीब कळतं का?"

मागे उभ्या लोकांत कुजबुज सुरू झाली. रुस्तिकोचा चेहरा पडला. त्याने घाईघाईने सार्जंटला आपल्या शेडमध्ये नेलं, खाद्याची पोती दाखवली, औषधाच्या बाटल्या दाखवल्या, कपाटं उघडली. विषासारखं काही नव्हतं. दोरीवर जाड, पारदर्शक पिशव्या वाळत घातल्या होत्या.

"या कशाच्या?"

"माशांची पिल्लं यातून येतात. एकात एक दोन पिशव्या, अर्धं पाणी, अर्धी हवा भरायची, तोंडाला रबर. दुकानात सुटी मिळत नाही ही पिशवी. सार्जंट, देवाशपथ सांगतो, मी माझेच मासे कशाला मारीन?"

दिमायुगाने एक पिशवी बोटांनी चाचपून पाहिली. ज्याला स्वतःच्या पिंजऱ्याबद्दल शपथ घ्यावीशी वाटते त्याच्याबद्दल त्याने मनात एक खूण करून ठेवली.

इस्लावची झोपडी काठाला अगदी लागून होती. त्याची बायको इनांग सेपा, साऱ्या गावाची आईच, बांबूच्या बाजेवर उशांना टेकून बसली होती. तिच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं. दोन वाक्यं बोलली की तिला दम लागे. कोठडीचं तिला शेजारणीने सांगितलं होतं. तरी तिने आधी सार्जंटला कॉफी प्यायला लावली.

"बाळा, तो चिडका आहे. तोंडाचा फाटका आहे. पण तळ्यात विष? माझा इस्लाव तळ्यात थुंकत नाही."

"मग रोज पहाटे पिंपातून काय नेत होता, इनांग?"

"वरच्या डबक्यातलं पाणी. रेडे लोळतात ना, तिथलं. मी विचारलं कशाला, तर म्हणतो झाडांना." ती हसली आणि खोकली. "दारात पाच झाडं. पिंपभर पाणी."

दारात खरंच पाचच झाडं होती. छपराच्या गळक्या भागाखाली मात्र जाड पारदर्शक प्लॅस्टिक पसरून शिवलेलं होतं, कापून जोडलेल्या पिशव्यांचं. झाडंही तसल्याच पिशव्यांत लावलेली होती. दिमायुगाने बसल्या जागेवरून तीसपर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

भिंतीवर लग्नाचा फोटो होता. तरुण सेपाच्या कानांत टपोऱ्या सोन्याच्या रिंगा. समोर बसलेल्या सेपाच्या कानांची भोकं रिकामी.

"रिंगा कुठे गेल्या, इनांग?"

"माउलीला दिल्या."

"नवस होता?"

"आमचा दोमेंग जहाजावर असतो. वर्षभर त्याची खबर नव्हती, कळलं? ऑक्टोबरात त्याचा फोन आला." तिने श्वास घेतला. "पण काय बोलले होते ते विचारू नकोस. नवस तोंडातून निघाला की पाण्यात जातो."

दिमायुगाने कॉफी संपवली. इथली बराको कॉफी नेहमीच कडू असते, आज ती जास्तच कडू लागली. निघताना सेपाने त्याचा हात धरला.

"बाळा, मला फार दिवस नाहीत हे मला ठाऊक आहे. मी डोळे मिटीन तेव्हा तो घरी असू दे. एवढं कर."

"करतो," तो म्हणाला. सार्जंटने असलं वचन द्यायचं नसतं. पण देऊन बसला.

शुक्रवारी सकाळी तो आधी देवळात गेला. तिथे मारिया माउलीची मूर्ती होती, दर डिसेंबरच्या आठ तारखेला होडीत बसवून तळ्यावर मिरवतात ती. सेवेकऱ्याला सांगून त्याने तिचा पदर बाजूला करायला लावला. कान लाकडाचे, गुळगुळीत. त्यांना भोकंच नव्हती. देणगीच्या पेटीतही कधी रिंगा आल्या नव्हत्या.

तिथून तो तळ्याच्या कार्यालयात गेला. कार्यालय म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि फेलिसा कातिंदिग. ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तळ्यात बारीक जाळं सोडी, वर ओढी, जे सापडेल ते बाटलीत भरी आणि मग तीन दिवस मान मोडून मोजत बसे. नऊ वर्षं हेच. होडी वल्हवायला इस्लाव. भिंतीवर उन्हाने पिवळा पडलेला एक कागद होता: तोंड वासलेला मासा आणि खाली ठळक अक्षरं, 'हिरवं पाणी नितळ करा'.

"माझ्या आधीच्या साहेबांनी लावलाय," फेलिसा म्हणाली. "वाचतंय कोण. सार्जंट, ताता इस्लावने विष घातलं नाही."

"कशावरून?"

"हितो जिवंत आहेत. दगडांखालची मरळ जिवंत आहे. हे दोन्ही मासे वर येऊन हवा पितात. पाण्यातली हवा संपली तरी ते मरत नाहीत. विषाने मेले असते."

"म्हणजे कपितान निर्दोष."

"या बाबतीत," फेलिसा कोरडेपणाने म्हणाली.

"मग पाण्यातली हवा कुणी संपवली?"

तिने फळीवरच्या बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारी. मार्च. "नुसत्या डोळ्यांनी बघा. काय दिसतं?"

पहिल्या दोन बाटल्यांच्या तळाशी बोटभर लालसर रवा साचला होता. जानेवारीत तो निम्मा झाला होता, फेब्रुवारीत चिमूटभर. मार्चच्या बाटलीत धुरकट पाण्याशिवाय काही नव्हतं.

"हा रवा म्हणजे पिसवा. पाण्यातल्या. खसखशीएवढ्या. हिरवं शेवाळ चरतात. ही तळ्याची गुरं समजा. पिंजऱ्यांतलं खाद्य खाली पडतं, कुजतं, त्यावर हिरवं माजतं, आणि या ते चरून आटोक्यात ठेवतात. होत्या."

"मार्चमध्ये काहीच नाही?"

"आहे. इतके बारीक जीव की त्यांनी चरलं काय आणि न चरलं काय. मोठ्या पिसवा संपल्या."

"उपाशी मेल्या?"

"चारा रानभर आणि गुरं नाहीत, सार्जंट. याचा अर्थ काय होतो?"

"वाघ आलाय."

फेलिसाने मान हलवली. पत्र्याच्या ताटात तिने त्या बेवारशी माशांपैकी एक चिरून ठेवला होता. कल्ला उघडून दाखवला. आत दाट झालर होती, चहाच्या गाळणीसारखी. "तोंड उघडं ठेवून पोहतो. पाणी गाळून निघतं, पिसवा अडकतात. बारीक जीव निसटतात. म्हणून तेवढेच उरले. सदतीस मेलेले दिसले म्हणजे आत हजारो असतील, नाहीतर होते. पिंजऱ्यातले तिलापियाही खातात, पण ते कोंडलेले. हे मोकळे."

"मग?"

"मग हिरवं मोकाट सुटलं. तीन दिवस ऊन नाही, वारा नाही. ते हिरवं पाण्यातली हवा पीत राहिलं, मरायला लागलं, कुजताना उरलेली हवाही खाऊन बसलं. बुधवारी रात्री पाण्यात काही राहिलं नाही. मी एप्रिलमध्ये लिहून पाठवलं होतं, असं होणार म्हणून."

"काय उत्तर आलं?"

"सही होऊन परत आलं."

दिमायुगाने बरोबर आणलेली बाटली पुढे केली. निळ्या पिंपाच्या बुडाशी उरलेलं पाणी त्याने तिच्यात भरून घेतलं होतं. फेलिसाने एक थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि तशीच राहिली. मग बाजूला होऊन तिने त्याला जागा दिली. उजेडाच्या वर्तुळात लाल, गोल जीव टुणटुण उड्या मारत होते. त्यांचं इवलं काळीज धडधडताना दिसत होतं.

"या मोठ्या पिसवा आहेत," ती म्हणाली. "जिवंत. रेड्यांच्या डबक्यात मासा नाही, म्हणून तिथे आहेत." ती स्टुलावर बसली. "मार्चमध्ये विचारलं होतं हो त्यांनी मला. दुसरीकडून आणून सोडल्या तर वाढतील का म्हणून. मी हसले. म्हटलं, ताता, खाणारा आत बसलाय, तुम्ही त्याला नुसतं जेवण वाढाल. तरी वाढत राहिले. रोज."

तिला रडू आवरेना. दिमायुगा उठून भिंतीकडे गेला. तो पिवळा कागद त्याने आता नीट पाहिला. पुसट झालेल्या माशाचं डोकं अंगाला न शोभण्याइतकं मोठं होतं. डोळे पार खाली.

"हा कागद आणखी कुणी पाहिलाय?"

"इथे येतंच कोण? ताता इस्लाव. आणि बायकोला बरं होतं तेव्हा ती डबा घेऊन यायची त्यांच्यासाठी. बाकावर बसून असायची."

त्याने कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

शनिवारी सकाळी त्याने कोठडी उघडली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. इस्लावने भाताला हात लावला नव्हता.

"ताता, मी बोलतो. चुकलं तर सांगा."

म्हाताऱ्याने पाठ भिंतीला टेकली.

"पिंपात विष नव्हतं. पिसवा होत्या. त्या गेल्या कारण त्यांना खाणारा मासा तळ्यात आला. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी बाटली भरलेली होती, जानेवारीत निम्मी. मासा आला तो मधल्या महिन्यात. पिंजऱ्यातून निसटला नाही, त्याचं नाक सोललेलं नाही. कुणीतरी पिल्लं आणून मोकळी सोडली. हजारो. दिवसाढवळ्या एवढ्या पिशव्या घेऊन कोण जाईल आणि कुणाला वावगं वाटणार नाही? आठ डिसेंबर. माउलीची मिरवणूक. प्रत्येक होडी फुलांनी भरलेली, खाली काय आहे ते कोण बघतंय."

इस्लावच्या जबड्याचं हाड हललं.

"पिल्लांच्या पिशव्या सुट्या मिळत नाहीत. तुमचा पिंजरा नाही, आणि तुमचं छप्पर मात्र त्या पिशव्यांनी शिवलेलं. रिंगा माउलीला दिल्या म्हणते ती, पण माउलीच्या कानांना भोकं नाहीत. रिंगा विकून माउलीला काय दिलं?" त्याने खिशातला कागद उलगडून जमिनीवर ठेवला. "नितळ पाणी. मुलगा सापडला म्हणून. तिने हे वाचलं होतं."

 मग इस्लावने बोट त्या माशाच्या चित्रावर ठेवलं.

"फेब्रुवारीत जाळ्यात पहिला आला," तो म्हणाला. "कागद मला रोज दिसायचा. पिशव्या मीच छपराला शिवल्या होत्या. विचारलं नव्हतं कुठून आल्या. त्या दिवशी सगळं एकदम कळलं. दोन पिंप मासे पकडले मी, सार्जंट. रोज पकडले. संपेनात."

"तिला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "ती दारातून बघते आणि म्हणते, अजून हिरवंच आहे, पण होईल. मला न सांगता केलंय तिने, नवस आहे ना, बोलायचा नसतो. मनातल्या मनात खूश असते. तिच्याजवळ तेवढंच आहे आता. तिला कळलं की तिच्या हातून तळं मेलं, चौदा घरं बुडाली..." तो थांबला. "विष लिहा. तुमचं काय जातं?"

"मी तिला वचन दिलंय. तुम्ही घरी असाल म्हणून."

"आणि वचन पाळायला तिचं नाव घेणार?"

दिमायुगाने कागदाची पुन्हा घडी घातली.  आयुष्यात एकदा कोडं पुरतं सुटलं होतं आणि ते पुन्हा गुंतवून कसं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

अकरा वाजता सभाघर भरलं. दिमायुगाने फेलिसाच्या बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि सगळं सांगितलं: हितो का जगले, पिंपात काय होतं, पिसवा कशा गेल्या, हिरवं कसं माजलं. पोत्यांनी खाद्य ओतता त्यातलं निम्मं तळाशी जातं हेही सांगितलं, तेव्हा रुस्तिकोने मान खाली घातली. लोक ऐकत होते. ऐकताना त्यांचे चेहरे काही मऊ झाले नाहीत. विष असतं तर बरं झालं असतं, पाण्याबरोबर वाहून गेलं असतं.

"आता पुढे काय?" एका बाईने विचारलं. "तळं कधी सुधारेल?"

सगळ्यांनी फेलिसाकडे पाहिलं. तिने खोटं सांगायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमत नव्हतं. "खाद्य थांबलं आणि तो मासा संपला तर काही वर्षांनी. कदाचित. तो मासा संपत नाही. खोल पाण्याच्या वरच्या थरात बरेच वाचले असतील."

"म्हणजे मासे सोडणाऱ्याने मारलं," रुस्तिको उठून म्हणाला. "नाव सांगा, सार्जंट. नाव आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

त्याने तोंड उघडलं. शब्द निघण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला.

"मी सोडले."

इस्लाव उभा होता. बांधलेल्या हातांनी त्याने बाकाची पाठ धरली होती.

"तुम्हा पिंजरेवाल्यांची जिरवायची होती. पाणी साफ झालं असतं तर तुमचं खाद्य उघडं पडलं असतं. म्हणून सोडले. अक्कल कमी पडली. नंतर पिसवा आणून निस्तरायला बघत होतो. सार्जंटना ठाऊक आहे. विचारा."

सगळ्या माना दिमायुगाकडे वळल्या. फेलिसाने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"बरोबर आहे?" रुस्तिकोने विचारलं.

"बरोबर आहे," दिमायुगा म्हणाला, आणि वहीत त्याने इस्लाव मालाबानानचं नाव लिहिलं. परवानगीशिवाय मासे सोडले म्हणून तुरुंग होत नाही. तुरुंगाची गाडी रिकामी परत गेली. म्हाताऱ्याचे हात सुटले, घरी जायला तो मोकळा झाला. पण गावाने घरच ठेवलं नाही. उद्या दुपारपर्यंत काठ सोडा, असं ठरलं. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी त्याच्या अंगावर धावून गेलं नाही. त्याच्या वाटेतून सगळे नुसते बाजूला झाले, लहानपणापासूनचे सोबतीसुद्धा.

रविवारी सामान जीपमध्ये चढलं: एक बाज, दोन ट्रंका, फोटो. मोठ्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून लुसेना शहरात बहिणीकडे राहू, असं इस्लावने बायकोला सांगितलं होतं. गावातलं कोणीही निरोपाला आलं नाही. सेपाला वाटलं, बिचारे मेलेले मासे पुरण्यात गुंतले असतील.

दिमायुगाने तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ती अगदी हलकी झाली होती. इस्लाव मागे दोर आवळत होता.

"सुटला ना तो? मी म्हटलं नव्हतं, थुंकतसुद्धा नाही?" तिने दिमायुगाला जवळ बोलावलं. "आता जातेच आहे, म्हणून तुला एकट्याला सांगते. त्याला सांगू नकोस. माउलीचा नवस होता. पाच हजार पिल्लं सोडलीत मी तळ्यात, मिरवणुकीच्या दिवशी. हिरवं खाणारी. ती नाही ना मेली या सगळ्यात?"

सदतीस त्याने स्वतः मोजले होते, आणि स्वतःच चुना टाकून पुरले होते.

"नाही, इनांग. तुमची जगली."

तिचा चेहरा खुलला. तिने खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. पांढरी पोटं आता उचलली गेली होती, नुसतं हिरवं उरलं होतं, दाट, काठोकाठ. मागे दोर आवळणारे हात थांबले होते.

"मग थांब थोडं," ती म्हणाली. "पुढच्या मिरवणुकीपर्यंत पाणी कसं नितळ होतं बघ. आणि झालं की मला कळव, बाळा."

"कळवतो," दिमायुगा म्हणाला, आणि त्याने जीपचं दार हळूच लावलं.